मधुमेह आणि डोळ्याचा पडदा: गोव्यातल्या घरांसाठी तपासणीची वही

देशातल्या मधुमेहाची राज्यवार मोजणी करणाऱ्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरच्या भारतीयांत मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं. गोव्यात ते २६.४ टक्के होतं, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. चवथीला घरात जमलेल्या मोठ्या माणसांत सरासरीने चौघांमागे एकाला मधुमेह आहे, असा त्याचा अर्थ.

शुगर मोजायची सवय आपल्याकडे आता बऱ्यापैकी रुजली आहे. उपाशीपोटीची किती, जेवणानंतरची किती, हे आजीसुद्धा तोंडपाठ सांगते. डोळ्यांचं मात्र तसं नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला, खालच्या ओळीतली अक्षरं वाचता आली, की डोळे तपासून झाले असं आपण धरून चालतो. नंबर काढताना डोळ्याच्या आतला पडदा बहुतेक वेळा कुणी पाहिलेलाच नसतो, आणि मधुमेह बिघडवतो तो हा पडदाच. तो बिघडू लागल्यावरही नजर पुष्कळ काळ ६/६ राहू शकते. दुखत नाही, खुपत नाही, पाणी येत नाही. म्हणून ‘मला छान दिसतंय’ हे पडदा न तपासण्याचं कारण होऊ शकत नाही. तपासणी तारखेप्रमाणेच व्हायला हवी.

आत काय होतं ते थोडक्यात. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. त्यांना फुगवटे येतात, रक्ताचे ठिपके पडतात, चरबीयुक्त द्रव झिरपतो. पडद्याच्या मधोमध जो भाग आपण वाचायला आणि चेहरे ओळखायला वापरतो, त्या मॅक्युलात हा द्रव साठला, तर पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीला ओल धरावी तसा तो भाग फुगतो. ही मॅक्युलाची सूज आजाराच्या कोणत्याही टप्प्यावर येऊ शकते. दुसरीकडे काही वाहिन्या बंद पडतात, पडद्याला रक्त कमी पडतं, आणि डोळा नव्या वाहिन्या उगवू लागतो. या नव्या वाहिन्या नाजूक असतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं, आणि त्यांच्याबरोबर वाढणाऱ्या जाळ्याने पडदा ओढला जाऊन सुटूही शकतो.

पहिली तपासणी कधी?

टाइप २ मधुमेह, म्हणजे मोठेपणी सापडणारा नेहमीचा मधुमेह असेल, तर निदान झालं की लगेच. ‘आत्ताच तर सापडलाय’ असं म्हणून थांबू नका. हा मधुमेह सापडण्याआधी कित्येक वर्षं अंगात असू शकतो, त्यामुळे काहींच्या पडद्यावर पहिल्याच दिवशी खुणा दिसतात. टाइप १, म्हणजे बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी होणारा आणि सुरुवातीपासून इन्सुलिन लागणारा मधुमेह असेल, तर निदानानंतर पाच वर्षांच्या आत. मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांत तपासणी हवी, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दर तिमाहीला. मूल हवं असं ठरवतानाच पडदा पाहून घेतला तर अधिक बरं. केवळ गरोदरपणात शुगर वाढली असेल तर ही वेगळी तपासणी सहसा लागत नाही.

कुठे, आणि त्या दिवशी काय होतं

गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाची गोळी घ्यायला जाता, तिथेच डॉक्टरांना विचारा: ‘पडद्याची तपासणी कुठे होईल? चिठ्ठी द्याल का?’ म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा रुग्णालय, आणि बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, ही सरकारी ठिकाणं. खासगी डोळ्यांचे दवाखाने सगळ्या मोठ्या शहरांत आहेत. जाण्याआधी फोन करून रेटिनाची, म्हणजे पडद्याची, ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून घ्या. काणकोण किंवा वाळपईहून दोन बसगाड्या बदलून आलेल्या माणसाला ‘रेटिनाचे डॉक्टर गुरुवारी येतात’ हे खिडकीवर कळलं, तर तो पुन्हा यायला वर्ष लावतो.

दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड बरोबर ठेवा. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण ठरवलेलं आहे. मात्र तुम्हाला सांगितलेला उपचार त्या रुग्णालयात योजनेत बसतो की नाही, हे आधी काउंटरवर विचारा.

तपासणीला उपाशी जायचं नसतं. नेहमीची पेज किंवा न्याहारी करा, नेहमीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घ्या, आणि पिशवीत खायला काहीतरी ठेवा. इन्सुलिन घेऊन रांगेत बसलेल्या माणसाचं जेवण लांबलं की शुगर उतरते, घाम सुटतो, चक्कर येते. सरकारी रुग्णालयात दुपार होणारच असं धरून चला.

डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात. त्याला साधारण अर्धा तास लागतो, कधी थेंब दोनतीनदा घालावे लागतात. मग डॉक्टर भिंगातून पडदा पाहतात, गरज वाटली तर फोटो किंवा ओसीटी काढतात. ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन. ते दुखत नाही, हनुवटी टेकून काही क्षण स्थिर बसायचं असतं. रक्तदाब जास्त असेल, हृदयविकार असेल किंवा काचबिंदूचा त्रास सांगितलेला असेल, तर थेंब घालण्यापूर्वी ते सांगा. थेंबांचा असर चारसहा तास राहतो. जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. स्कूटर घरी ठेवा, बरोबर कुणाला तरी न्या, गॉगल किंवा छत्री घ्या.

कधीकधी हाताच्या शिरेत रंग टोचून फोटो काढतात, ती अँजिओग्राफी. दिवसभर लघवी गडद पिवळी किंवा नारिंगी होते आणि त्वचेला पिवळसर छटा येते, त्याला घाबरू नका. काहींना मळमळतं. एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगा.

एक विशेष सूचना. काही शिबिरांत आणि मधुमेहाच्या दवाखान्यांत छोट्या कॅमेऱ्याने थेंब न घालता पडद्याचा फोटो काढतात. सोय चांगली आहे, जरूर वापरा. पण मोतीबिंदूमुळे किंवा बाहुली लहान असल्यामुळे फोटो अस्पष्ट आला, तर त्याचा अर्थ ‘काही सापडलं नाही’ असा होत नाही. तपासणी झालीच नाही असं धरा आणि थेंब घालून करून घ्या.

वहीत काय लिहायचं

या लेखातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. माझ्या वडिलांची एक दोनशे पानी वही आहे. दर तपासणीला तिच्यात एक पान लिहायचं, हे काम घरात माझ्याकडे आहे. डॉक्टर बदलतात, चिठ्ठ्या पावसात भिजतात, फाइल मावशीकडे राहते. वही असली की नव्या डॉक्टरांना गेल्या तीन वर्षांत काय बदललं ते दोन मिनिटांत कळतं. या आजारात एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आकडा कुठल्या दिशेला चालला आहे हेच जास्त सांगून जातं.

डोळ्यांच्या कागदावर ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा, ओयू म्हणजे दोन्ही. उजव्या-डाव्याचं वेगवेगळं लिहा, कारण दोन्ही डोळे सारखे बिघडतातच असं नाही.

पहिली नोंद नजरेची: चष्म्यासकट ६/६, ६/९, ६/१२, ६/१८ असं काहीतरी असतं. खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी. ६/१२ म्हणजे धड नजरेच्या माणसाला जे बारा मीटरवरून दिसतं ते तुम्हाला सहा मीटरवरून दिसतं. जवळच्या वाचनासाठी कागदावर एन६, एन८ असं लिहितात, तेही उतरवा.

दुसरी नोंद पडद्याच्या अवस्थेची. पडदा बिघडला आहे पण नव्या वाहिन्या आलेल्या नाहीत, अशा वेळी डॉक्टर एनपीडीआर लिहितात, आणि पुढे सौम्य, मध्यम किंवा तीव्र. नव्या वाहिन्या आल्या असतील तर पीडीआर. मॅक्युलाला सूज असेल तर डीएमई, आणि ती मधोमध आहे की बाजूला. डॉक्टरांनी नुसतं ‘ठीक आहे’ म्हटलं तर न संकोचता विचारा, ‘डॉक्टर, कुठली अवस्था लिहू?’

तिसरी ओसीटीच्या आकड्याची. मधल्या भागाची जाडी मायक्रॉनमध्ये छापलेली असते. निरोगी पडद्याचा आकडा बहुधा अडीचशे ते तीनशेच्या आसपास असतो, पण यंत्राप्रमाणे तो बदलतो. म्हणून दोन वेगवेगळ्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी ताडून घाबरू नका, आणि जमेल तितकं एकाच ठिकाणी स्कॅन करा.

डोळ्याच्या आतला दाब, मोतीबिंदू आहे का, काय उपचार झाला आणि कोणत्या डोळ्याला, हे एका ओळीत. त्याच पानावर त्या महिन्याचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा), रक्तदाब, आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची व क्रिएटिनिनची शेवटची तपासणी. डोळ्यांच्या पानावर मूत्रपिंडाचे आकडे का, असं कुणी विचारेल. मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्याही याच आजाराने बिघडतात आणि दोन्हीकडची बिघाडाची चाल पुष्कळदा बरोबर असते. पानाच्या तळाशी पुढची तारीख मोठ्या अक्षरात.

पुढची तारीख कशी ठरते

पडदा स्वच्छ असेल तर साधारणपणे वर्षाने. सौम्य बदल असतील तर सहा महिने ते वर्षभरात, मध्यम असतील तर तीन ते सहा महिन्यांत. तीव्र अवस्थेत तीन महिन्यांच्या आत, बहुधा त्याहून लवकर. नव्या वाहिन्या दिसल्या किंवा मधोमध सूज आली, तर प्रश्न तपासणीचा राहत नाही. त्याच आठवड्यांत उपचारांचं बोलणं व्हायला हवं. ही सर्वसाधारण चौकट झाली. तुमच्या डॉक्टरांनी याहून लवकर बोलावलं असेल तर त्यांचीच तारीख पाळा. चवथ, शिगमो, घरातलं लग्न, यांपैकी काही त्या तारखेवर येत असेल तर तारीख पुढे न ढकलता अलीकडे घ्या.

घरच्या घरी

दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकून नेतो. एका डोळ्याची नजर निम्म्यावर आली तरी महिनोन् महिने पत्ता लागत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, वाचायचा चष्मा लावून, एक डोळा तळहाताने न दाबता झाका. सकाळच्या वर्तमानपत्राचा तोच एक रकाना, त्याच खुर्चीत, त्याच उजेडात वाचा. मग दुसरा डोळा. भिंतीवरच्या कालनिर्णयाचे बारीक आकडे, खिडकीचे गज, जमिनीवरच्या फरश्यांच्या रेघाही पाहा. सरळ गज वाकडा दिसतो का? फरशीचा मधला चौकोन पुसट आहे का? एका डोळ्याने रंग फिके वाटतात का? यासाठी अ‍ॅम्सलर ग्रिड नावाचा चौकटींचा छापील कागदही मिळतो. तो वाचायच्या अंतरावर धरून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा सरळ दिसतात का ते पाहायचं. बदल वाटला तर वहीत तारीख टाका आणि ठरलेल्या भेटीची वाट न पाहता दाखवा.

मात्र घरच्या चाचणीवर विसंबून दवाखान्याची तारीख चुकवू नका. ग्रिड सरळ दिसत असतानाही पडद्याच्या कडेला नव्या वाहिन्या वाढत असू शकतात.

धूसर दिसण्याचं कारण दर वेळी पडदाच असतं असंही नाही. शुगर एकदम चढली किंवा उतरली की डोळ्यातलं भिंग फुगतं-आटतं आणि नंबर तात्पुरता बदलतो. नवी गोळी किंवा इन्सुलिन सुरू केल्यावर काही आठवडे असं होतं. शुगर स्थिरावल्याशिवाय नवा चष्मा करू नका, पैसे फुकट जातात. मधुमेहात मोतीबिंदूही लवकर येतो. ऑपरेशन ठरलं तर त्याआधी पडदा तपासून घेण्याचा आग्रह धरा, कारण मॅक्युलाला सूज असताना मोतीबिंदू काढला तर ती वाढू शकते.

थांबायचं नाही अशी लक्षणं

डोळ्यासमोर एकाएकी काळे ठिपके, जाळी किंवा धूर तरंगू लागला, विजेसारखे झगमगाट दिसले, एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली, एका डोळ्याची नजर अचानक गेली, डोळा लाल होऊन जबर दुखू लागला, एकाएकी दोन-दोन दिसू लागलं: यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी जा. रात्र असली तर कॅज्युअल्टीत जा, आवश्यक तर १०८ बोलवा. दोन-दोन दिसण्याबरोबर तोंड वाकडं झालं, बोबडी वळली किंवा हातपाय लुळे पडले, तर पक्षाघाताची शंका धरून लगेच १०८.

पडदा वाचवतं ते डोळ्याच्या बाहेरचं

१९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या अभ्यासात टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांनी साखर काटेकोर ठेवली, तेव्हा पडद्याचा आजार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. १९९८च्या ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात टाइप २च्या रुग्णांचा नुसता रक्तदाब नीट आवरल्यावर पडद्याचा आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने उतरला. आपल्या घरांत साखरेची काळजी असते, बीपीची गोळी मात्र ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सुटते. डोळ्यांसाठी ती तितकीच मोलाची आहे. पुष्कळांसाठी एचबीए१सी ७च्या खाली आणि रक्तदाब १३०/८०च्या खाली हे लक्ष्य धरतात. वयस्कर माणसाला, किंवा शुगर वारंवार उतरणाऱ्याला, डॉक्टर ते सैल करतात.

जेवणात गोव्याचा माणूस हुमण-भात सोडणार नाही, आणि सोडायची गरजही नाही. भाताचा ढीग अर्धा करा, उकड्या तांदळाची पेजही मोजून घ्या, ताटात भाजी आणि मासळी वाढवा. पोदेराचा पाव सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा लागतोच का, ते एकदा पाहा. सिगारेट-विडी आणि तंबाखू मात्र पूर्ण बंद.

फार दिवस चढलेली साखर झपाट्याने उतरवली तर पडद्याचा आजार सुरुवातीला थोडा बिघडू शकतो. इन्सुलिन किंवा आठवड्याला टोचायची नवी इंजेक्शनं सुरू होणार असतील तर त्याआधी पडदा दाखवा आणि पुढचे काही महिने लवकर-लवकर दाखवा. भीतीने औषध थांबवू नका, साखर आटोक्यात आल्याचा फायदा पुढे मिळतोच. पायोग्लिटाझोन ही गोळी चालू असेल आणि मॅक्युलाला सूज निघाली, तर दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घाला.

उपचार सुरू झाल्यावर

मॅक्युलाच्या सुजेसाठी डोळ्यात इंजेक्शन देतात: बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट यांपैकी एखादं. ऐकून अंगावर काटा येतो, पण आधी थेंबांनी डोळा बधिर करतात आणि टोचणं क्षणात आटोपतं. खरी परीक्षा सातत्याची असते. पहिले काही महिने दर महिन्याला द्यावं लागतं, मग अंतर वाढतं. तीन इंजेक्शनांनी नजर सुधारली म्हणून पुष्कळ जण येणं सोडतात आणि सूज परत येते. टोचल्यानंतर पांढऱ्या भागावर लाल डाग पडला आणि दुखत नसेल तर काळजी नाही. पण पुढच्या काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा नजर उतरली, तर आतला जंतुसंसर्ग असू शकतो. तासाचाही उशीर नको.

नव्या वाहिन्यांसाठी लेझर हा जुना आणि भरवशाचा उपचार. त्याने गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकते. कडेचं दिसणं आणि अंधारातलं दिसणं थोडं कमी होऊ शकतं, म्हणून नंतर रात्री चिंचोळ्या गावरस्त्यावर गाडी चालवण्यापूर्वी विचार करा. नव्या वाहिन्यांवरही इंजेक्शनं चालतात, पण त्यांच्यावरच भिस्त ठेवून भेटी चुकल्या तर डोळा फार वाईट बिघडतो. गोव्यात हे बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे घरटी कुणीतरी बोटीवर किंवा आखातात असतं. सहा-आठ महिन्यांचं कंत्राट असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. अशा माणसाला लेझर अधिक सुरक्षित ठरू शकतं. बोटीवर चढण्यापूर्वी पडदा तपासून घ्या, वहीच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

डोळ्यात रक्त साचून राहिलं किंवा पडदा ओढला गेला तर व्हिट्रेक्टमी नावाचं ऑपरेशन करतात. त्यात कधी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो विरेपर्यंत विमानप्रवास पूर्ण वर्ज्य, कारण उंचीवर वायू फुगतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढतो. घाटाबद्दलही विचारा. चोर्ल्यातून किंवा अनमोडमधून बेळगावला जाणं आपल्याला शेजारी जाण्यासारखं वाटतं, पण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय घाट चढू नका. मधल्या काळात दुसरं कोणतं ऑपरेशन करावं लागलं तर भूल देणाऱ्यांना डोळ्यात वायू असल्याचं आधी सांगा.

नजर उतरली असेल तर

काही जणांची नजर उपचारानंतरही पूर्ण परत येत नाही. चष्म्याने भागत नसेल तर ‘लो व्हिजन’ साठी चिठ्ठी मागा. मोठं भिंग, वाचायच्या जागी डाव्या खांद्यामागून येणारा दिवा, मोबाइलवर मोठी अक्षरं आणि वाचून दाखवणारी सोय, यांनी बरंच काही साधतं. पायऱ्यांच्या कडेला पांढरा पट्टा मारा, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर वेगळ्या रंगाची टेप लावा. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही, म्हणून ताट गडद रंगाचं घ्या.

इन्सुलिनचा मुद्दा यात सगळ्यात नाजूक. सिरिंजवरच्या रेघा नीट दिसत नसतील तर अंदाजाने भरू देऊ नका. टिकटिक आवाज करणारं पेन मिळतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि सवय होईपर्यंत घरातल्या कुणीतरी डोस पाहावा. गोळ्या आठवड्याच्या खणांच्या डबीत भरून ठेवा.

नजर फार कमी झाली असेल तर अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. ते आता यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या रूपात मिळतं, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतही अपंग व्यक्तींना दरमहा अर्थसाहाय्य आहे. अर्ज करताना जुन्या तपासण्यांचे कागद मागतात. वहीत तारखा असल्या की ते कोणत्या रुग्णालयातून मागवायचे ते लगेच सापडतं.